‘ऑपरेशनाशिवाय काही नाही काय जी?’



स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय सुचवला तेव्हा संयोजक थोडे बिचकले. चांदूर रेल्वेसारख्या गावात, भर सभेत, माइकवरून गर्भपिशवीच्या गाठींबद्दल बोलायचं? मग त्यांच्यातल्याच एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “ज्यांच्या नावानं ही माला चालते त्यांनी आयुष्यात कोणता विषय टाळला?” आणि होकार आला. त्या बाईंचे आभार मानून सुरुवात करते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. नोकरीची बहुतेक वर्षं वऱ्हाडातल्या सरकारी दवाखान्यांत गेली. तिथे एक प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कुठलाही नसेल. तपासणी होते, बाई टेबलावरून उतरते, लुगडं सारखं करते, सोनोग्राफीचा कागद थैलीत घालते, दारापर्यंत जाते आणि तिथून मागे वळते. “ऑपरेशनाशिवाय काही नाही काय जी?” अलीकडे त्याला एक पुरवणी जोडली गेली आहे. “सुया टोचून गाठ जिरते म्हन्तेत. खरं हाय काय मॅडम?”

पुरवणीचं उत्तर थोडक्यात देता येतं आणि ते मी आत्ताच देऊन टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी ताटकळणार नाही. ॲक्युपंक्चरच्या सुयांनी गर्भाशयातली गाठ जिरते, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळं आहे. ऑपरेशनाशिवाय पुष्कळ काही आहे. ते बाईला कुणी सांगत नाही. दवाखान्यात पाच मिनिटांत ‘पिशवी काढून टाका’ एवढंच ऐकून ती बाहेर पडते आणि सुयांचा पत्ता विचारत फिरते. सुयांवर विश्वास ठेवणाऱ्या बाईला हसण्याआधी तिला तिथवर कुणी पोचवलं ते आम्ही डॉक्टरांनी तपासलं पाहिजे.

आधी ही गाठ म्हणजे काय ते पाहू. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. त्या स्नायूतली एखादी पेशी वाढत जाऊन तिचा घट्ट, गोल गोळा होतो. सोनोग्राफीच्या कागदावर त्याला फायब्रॉइड म्हटलेलं असतं, कधी मायोमा, कधी लिओमायोमा. तिन्ही एकच. हा कॅन्सर नाही. तो किती जणींना असतो ते ऐका. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बायकांना बोलावून सोनोग्राफी केली, तेव्हा पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांत जवळजवळ ७० टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांत ८० टक्क्यांहून जास्त जणींना गाठी होत्या असा हिशेब निघाला. पुष्कळ जणींना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे या मांडवात बसलेल्या चाळिशीपुढच्या बायकांची आज सोनोग्राफी केली तर अनेकींच्या कागदावर हा शब्द उमटेल. पोटदुखीसाठी, मुतखड्यासाठी सोनोग्राफी करायला गेलेली बाई हा शब्द घेऊन येते आणि त्या दिवसापासून तिची झोप उडते. जी गाठ त्रास देत नाही तिला काहीही करावं लागत नाही. अधूनमधून बघावं, एवढंच. हे वाक्य मी आयुष्यभर सांगत आले आणि ते ऐकून बायकांची निराशाच जास्त झाली, कारण दवाखान्यात गेल्यावर काहीतरी ‘केलं’ पाहिजे अशी आपल्याकडे समजूत आहे.

त्रास किती होईल हे गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे आहे यावर जास्त ठरतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला लागून असलेली बोराएवढी गाठ दर महिन्याला बादलीभर कपडे भिजवील. बाहेरच्या अंगाला असलेली नारळाएवढी गाठ पाळीला हातही लावणार नाही, फक्त लघवीला वारंवार पळवील. भिंतीच्या आत असलेली कधी असं, कधी तसं करते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन संप्रेरकं या गाठींचं खाद्य. पाळी कायमची गेली की हे खाद्य तुटतं आणि गाठी आपोआप आक्रसतात. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला मी हे सांगते तेव्हा तिला पहिल्यांदा हायसं वाटतं.

आता सुयांकडे येऊ. आपल्या देशात या सुया कशा आल्या त्याची हकिगत मोठी सुरस आहे, आणि तिच्यात आपली माणसं आहेत. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक धाडलं. पथकप्रमुख डॉ. अटल, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे डॉ. मुखर्जी व डॉ. बसू. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस तिथेच राहिले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, चिनी मुलीशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला ऐन बत्तिशीत वारले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर काढलेला चित्रपट इथल्या जुन्या मंडळींनी पाहिला असेल. डॉ. बसू मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. पुढे कोटणीसांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी ते गावोगाव नेलं. गंमत बघा, ज्यांच्या नावाने सुया आल्या ते कोटणीस स्वतः सर्जन होते. युद्धात जखमी झालेल्यांवर ते दिवसरात्र शस्त्रक्रिया करत होते.

जगभर सुयांचा बोलबाला झाला तो १९७१ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन हे पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स सुजलं. ‘चीनमध्ये सुया टोचून अपेंडिक्स काढलं’ अशी ती गोष्ट आजही सांगितली जाते. रेस्टननी स्वतः लिहिलं ते निराळं आहे. अपेंडिक्स रीतसर औषधाने भूल देऊन सुरीनेच काढलं. ऑपरेशननंतर पोटात वायू धरून त्रास झाला तेव्हा सुया टोचल्या आणि त्यांना बरं वाटलं. अपेंडिक्सचा विषय निघालाच आहे तर दुसरंही एक सांगते. ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरी विद्येवर कडक टीका करणारे, जन्मभर माती-पाण्याच्या उपचारांचा आग्रह धरणारे गांधीजी जानेवारी १९२४ मध्ये तुरुंगात अपेंडिक्सने आजारी पडले. पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं ऑपरेशन केलं. मधेच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. गांधीजींनी निसर्गोपचार पुढेही सोडला नाही. पण अपेंडिक्सच्या वेळी त्यांनी मातीच्या पट्टीवर भिस्त ठेवली नाही. इथून गाडीने दीड-दोन तासांवर त्यांचं सेवाग्राम आहे, म्हणून ही आठवण आपल्याला जवळची.

चिनी वैद्यकात या गाठीबद्दल काय म्हणतात? शरीरात ‘ची’ नावाची शक्ती वाहते, ती अडली की रक्त साचतं आणि पोटात गोळा धरतो. म्हणून पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर, बेंबीच्या खाली, गुडघ्याच्या खाली अशा ठरलेल्या जागी सुया टोचून अडलेली वाट मोकळी करायची. ऐकायला पटतं. आपल्याकडेही वात अडण्याची भाषा आहेच, त्यामुळे वऱ्हाडातल्या बाईला हे परकं वाटत नाही. पण पटणं वेगळं आणि पडताळा वेगळा.

पडताळ्याचं काम कोक्रेन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था करते. एखाद्या उपचारावर जगभरात झालेल्या सगळ्या चाचण्या गोळा करायच्या, कच्च्या बाजूला काढायच्या आणि उरलेल्या काय सांगतात ते मांडायचं. २०१० मध्ये त्यांनी गर्भाशयाच्या गाठींवर ॲक्युपंक्चर हा विषय घेतला. त्यांच्या कसोटीला उतरलेल्या चाचण्या किती निघाल्या? एकही नाही. त्यामुळे त्यांनी निष्कर्ष लिहिला की उपयोग होतो की नाही हे अनिश्चित आहे. मी या वाक्याशी प्रामाणिक राहते. ‘उपयोग होत नाही हे सिद्ध झालंय’ असं कुणी म्हटलं तर तेही बरोबर नाही. पण ज्याचा पुरावा नाही ते ‘गॅरंटीने’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

सुयांच्या बाजूने जो अभ्यास नेहमी पुढे केला जातो तो अमेरिकेतला, २००२ चा. ३७ बायकांना चिनी वैद्यकाचे उपचार, अंगमर्दन, मनातल्या मनात चित्र रंगवून करायचा उपचार असं सगळं एकत्र दिलं आणि तेवढ्याच बायकांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. पहिल्या गटात २२ जणींच्या गाठी लहान झाल्या किंवा वाढायच्या थांबल्या, दुसऱ्या गटात तिघींच्या. आकडे आकर्षक आहेत. पण कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि इतक्या उपचारांच्या भेळीत नेमकं कशाने काय झालं हे सांगणार कोण? हा अभ्यास पुढच्या मोठ्या चाचणीची तयारी म्हणून केलेला होता. त्याच्या जोरावर बाजारात दावे करणं त्या अभ्यासावरच अन्याय आहे.

“पण मॅडम, माह्या जावेची गाठ सुयांनं खरंच लहान झाली. कागद हाय!” असं म्हणणाऱ्या बाईला मी खोटं पाडत नाही. कागद खरा असतो. अमेरिकेतल्याच संशोधकांनी २००८ मध्ये ७२ बायकांच्या २६२ गाठींवर एमआरआयने लक्ष ठेवलं. सहा महिन्यांत गाठ साधारण ९ टक्क्यांनी वाढते असा मध्यक निघाला. पण एक गाठ ८९ टक्क्यांनी आक्रसली होती आणि दुसरी १३८ टक्क्यांनी फुगली होती. एकाच बाईच्या पोटातल्या दोन गाठी दोन तऱ्हेने वागत होत्या. साधारण ७ टक्के गाठी आपसूक चांगल्या लहान झाल्या. आता समजा, आपल्या तालुक्यातल्या शंभर बायका सुयांच्या दवाखान्यात गेल्या. त्यांतल्या साधारण सात जणींच्या गाठी तशाही लहान होणारच होत्या. त्या सात जणी दहा बायकांना सांगतील. बाकीच्या कुणाला काही सांगणार नाहीत. शिवाय आज अमरावतीत सोनोग्राफी केली आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या सेंटरवर केली, तर माप घेणाऱ्याचा हात बदलला म्हणूनही अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो.

मग सुयांचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला एक जागा आहे. तिथे उत्तेजन दिलं तर ऑपरेशननंतरची मळमळ आणि उलटी कमी होते, याला बरा पुरावा आहे. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखीतही काही आराम पडतो. मात्र तिथेही एक गंमत आहे. जर्मनीत २००७ मध्ये कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर चाचणी झाली. खऱ्या जागी सुया टोचलेल्यांत जवळजवळ ४८ टक्क्यांना आराम पडला, आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ४४ टक्क्यांना. औषध-व्यायामाच्या नेहमीच्या उपचारांनी फक्त २७ टक्क्यांना. म्हणजे सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. कुणीतरी अर्धा तास आपल्यापाशी थांबलं, अंगाला हात लावला, चौकशी केली, याने पडला असावा. दुखणं हे मेंदूत उमटतं, त्याला धीराने उतार पडू शकतो. स्नायूचा घट्ट गोळा तसा नाही. पाळीच्या दुखण्याला सुयांनी थोडं बरं वाटलं तर मला आनंदच आहे. तेवढ्याने गाठ जागची हलली असं कुणी समजू नये.

कायद्याचाही घोळ आहे. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला, त्याखाली परिषद झाली. दवाखान्याच्या भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं आणि बाईला वाटतं, सरकारनेच सांगितलंय. सरकारने सांगितलं ते इतकंच की हा व्यवसाय कुणी करावा. या पद्धतीने कुठला रोग बरा होतो याची ग्वाही त्या कागदात नसते. (आमच्या पदव्यांच्या फ्रेमलाही हेच लागू आहे, हे जाता जाता कबूल करते.)

सुईचा थेट धोका लहान आहे. सुई नवी, एकदाच वापरायची, पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली असावी, म्हणजे काविळीची धास्ती नको. खरा धोका वाया जाणाऱ्या महिन्यांचा. सुया चालू आहेत म्हणून बाई वाट बघते, आणि दर पाळीला अंगावरून रक्त जातच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. मुळातच रक्त कमी, त्यात ही गळती. जिना चढताना धाप, कापूस वेचताना डोळ्यापुढे अंधारी, पायांना सूज, आणि चोरून भाजकी माती किंवा खडू खाण्याची ओढ. माती खाणाऱ्या सुनेला सासू रागावते. अशा सुनेचं हिमोग्लोबिन कित्येकदा सहाच्या आत असतं.

हे सगळं बाई सांगत का नाही? आपल्या विदर्भातलंच उत्तर आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर गाजला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. एकेकीला सरासरी साडेतीन आजार. आणि त्याआधी आयुष्यात कधीतरी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. त्या अभ्यासाला आता साडेतीन दशकं उलटली. दवाखाने वाढले, सोनोग्राफी तालुक्याच्या गावी आली. बाई मात्र अजून दारापाशी पोचल्यावरच खरा प्रश्न विचारते.

तपासणीच नव्हती तिथून आपण थेट पिशवी काढून टाकण्यावर आलो, मधलं काही झालंच नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. पाळीचे चार दिवस कोयत्यावर खाडा पडतो, मुकादमाचा दंड बसतो, अंगावरून पांढरं जातं, डॉक्टर म्हणतो कॅन्सर होईल. मग कर्ज काढून पिशवी काढायची आणि पुन्हा उसात जायचं. तुम्ही म्हणाल, ते बीड, आपलं तसं नाही. आपल्याकडे ऊस कमी, पण निंदण आणि वेचणी आहे, रोजी बुडण्याची भीती तीच आहे. देशाची स्थिती बघायची तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या साधारण ३ टक्के बायकांनी पिशवी काढल्याचं सांगितलं. काढतानाचं मध्यम वय होतं ३४, आणि तीनांतली दोन ऑपरेशनं खासगी दवाखान्यांतली. पाळी जायचं वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, आणि पिशवी जाते चौतिसाव्या वर्षी. सोबत बीजकोशही काढले असतील तर हाडं आणि हृदय दोन्ही बारा-पंधरा वर्षं आधी म्हातारी होऊ लागतात. शेवटी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, विनाकारण गर्भाशय काढण्याला आळा घालणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. डॉक्टर म्हणून मला दुःख झालं ते याचं की न्यायालयाला हे सांगावं लागलं.

कॅन्सरची भीती घालून जे ऑपरेशन ठरवलं जातं त्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. साध्या दिसणाऱ्या गाठीत दडलेला घातक रोग निघण्याचा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अंदाज दिला, तो गाठीसाठी ऑपरेशन होणाऱ्या ३५० बायकांत एक असा. पुष्कळ तज्ज्ञांना तोही जास्त वाटला. भीती पाळी गेल्यानंतर वाढणाऱ्या गाठीची ठेवावी. तिच्या तपासणीला उशीर करू नये.

तर मूळ प्रश्न. ऑपरेशनाशिवाय काय आहे?

रक्त थांबवणारी गोळी आहे, ट्रानेक्झॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोतो या डॉक्टर बाईंनी नवऱ्याच्या साथीने ती शोधली, १९६२ मध्ये जगापुढे आणली. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं होतं. स्वस्त गोळी आहे, पाळीचे जास्तीचे तीन-चार दिवस घ्यायची. हल्ली कुठेही मिळते आणि तरी किती बायकांना ती कधी लिहूनच दिलेली नसते! गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची तांबी आहे, ती पाच वर्षं किंवा जास्त चालते आणि रक्तस्राव पुष्कळ कमी करते. गाठ आत घुसलेली असली तर तांबी निसटू शकते, म्हणून आधी नीट बघावं लागतं. गाठ तात्पुरती आक्रसणारी इंजेक्शनं आहेत. थांबवली की गाठ पुन्हा वाढते, तेव्हा ती ऑपरेशनच्या आधी किंवा पाळी जायच्या वयाला टेकलेल्या बाईला उपयोगी.

गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बंद करायची पद्धत पॅरिसच्या डॉ. राविना यांनी १९९५ मध्ये जाहीर केली. ती निघाली कशी, तर ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून आधी धमन्या बंद करून ठेवत होते. त्यानंतर बायकांचा त्रासच थांबला आणि ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेल्या काही जणी तारखेला आल्याच नाहीत. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरींनी पोट न उघडता गाठ तापवून मारायची यंत्रं आहेत. त्यांतलं एक महत्त्वाचं तंत्र विकसित झालं चीनमधल्या चोंगचिंग शहरात. सुयांच्या देशातल्या डॉक्टरांनी गाठीसाठी हे यंत्र बनवलं, यावर सुया विकणाऱ्यांनी थोडा विचार करावा. ही शेवटची दोन्ही मोठ्या शहरांतली आणि खर्चिक आहेत, चांदूरच्या बाईला ती लगेच हाताशी येतील असं मी म्हणणार नाही.

आणि ऑपरेशनच करायचं तरी पिशवी राखून नुसती गाठ काढता येते. आतल्या अस्तरावरची गाठ तर खालच्या वाटेने दुर्बीण घालून, पोटाला टाका न घालता निघते. इंग्लंडमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे नामांकित सर्जन होऊन गेले. त्यांच्या बायकोचं गर्भाशय गाठींमुळे काढावं लागलं आणि त्यांना मूल झालं नाही. बॉनींनी पुढची सगळी वर्षं पिशवी राखून गाठी काढायचं तंत्र घोटून घोटून वाढवलं. एकदा तर एकाच गर्भाशयातून दोनशेवर गाठी काढल्या आणि पिशवी परत शिवली. शंभर वर्षांपूर्वी ज्याला हे जमलं, त्याची विद्या आज प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने शिकलेली आहे. वेळ जास्त लागतो, हात बसावा लागतो, म्हणून सोपी वाट धरली जाते.

याचा अर्थ पिशवी कधी काढूच नये असा नाही. मी कितीतरी बायकांना स्वतःहून काढायला सांगितलं आहे. औषधांनी रक्त थांबत नाही, हिमोग्लोबिन सावरत नाही, गाठीचा दाब मूत्रपिंडांच्या नळीवर येतोय, मुलंबाळं झाली आहेत आणि बाईला सगळं समजावून सांगितल्यावर तिनेच ठरवलं, तर ते ऑपरेशन तिला नवं आयुष्य देतं. तिला सुयांकडे पाठवणं तेव्हा पाप आहे.

ॲक्युपंक्चर करणाऱ्या मंडळींना माझं सांगणं आहे. तुमच्याकडे बाई अर्धा तास निवांत पडते, तुम्ही तिची पाळी, झोप, घरचा ताण सगळं विचारता. हे आमच्या बाह्यरुग्ण विभागात होत नाही आणि ते व्हायला हवं, ते मी तुमच्याकडून शिकायला तयार आहे. पण गाठीची बाई आली की आधी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीचा कागद मागा. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर सुई बाजूला ठेवा आणि तिला दवाखान्यात पाठवा. दुखण्यासाठी टोचायचं तर टोचा, मात्र गाठ जिरवतो म्हणून पैसे घेऊ नका.

आणि आता मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पुरुष मंडळींना. इथे ग्रामीण रुग्णालय आहे. अमरावतीला डफरीन आणि इर्विन ही रुग्णालयं आहेत. गाडीत बसलं की धामणगाव, पुलगाव, वर्धा आणि पुढे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. मालाचा भाव काढायला तुम्ही दोन-तीन बाजार फिरता, तसं बायकोच्या गर्भपिशवीसाठी निदान दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. सोबत जा, बाहेर टपरीवर थांबू नका. आत जाऊन चार गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून आणा : गाठ नेमकी कुठे आहे, केवढी आहे, हिमोग्लोबिन किती आहे, आणि औषधाने सहा महिने बघता येईल का. कुणी उत्तर द्यायला वैतागला, तर तिथून उठा आणि दुसरीकडे जा.